माटुंग्यात कमी खर्चात आणि तरी रोज वेगळे कुठे जेवावे?

आपण सोलापूरहून शिक्षणासाठी माटुंगा पूर्वेला राहायला येणार आहात, वर्षभर बहुतेक वेळा बाहेरच जेवावे लागणार आहे आणि "खर्च आटोक्यात राहावा, पण रोज इडली-डोसाच खावा लागू नये" अशी आपली अपेक्षा आहे. मी या भागात बरीच वर्षे राहतो, त्यामुळे अनुभवावरून उत्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. माटुंगा म्हणजे 'साऊथ इंडियन' असे मुंबईत सर्रास म्हटले जाते, पण ते एकच एक खाणे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाटी कमी करण्यासाठी १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने आखलेल्या वसाहतींपैकी दादर-माटुंगा ही एक होती. पुढे येथे कारकुनी आणि टंकलेखनाच्या नोकऱ्यांसाठी दक्षिणेकडून आलेली माणसे स्थिरावली. त्यांच्यातले कितीतरी जण एकटे, खोलीत स्वयंपाकाची सोय नसलेले होते, आणि त्यांना परवडेल असे घरच्यासारखे अन्न देण्यासाठी ही उपाहारगृहे निघाली. किंग्ज सर्कल या चौकातले (येथे नुसते 'सर्कल' म्हणतात) इराणी कूलर अँड कंपनी १९३२ चे, म्हैसूर कॅफे १९३६ चे, रामाश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे आणि रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे, म्हणजे आजही नाव असलेली ही ठिकाणे दहा वर्षांच्या आत उभी राहिलेली आहेत. आपल्यासारखीच गरज असलेल्या गिऱ्हाइकांसाठी ती निघाली असल्यामुळे तेथील पद्धती आजही विद्यार्थ्याच्या सोयीच्या आहेत.

सकाळच्या खाण्यासाठी स्टेशनजवळचे रामाश्रय मला सर्वांत पसंत आहे. ते पहाटेच उघडते, गर्दी सतत असते, पण कोणी रेंगाळत नसल्यामुळे जागा लवकर मिळते. चारजणांच्या टेबलावर अनोळखी माणसांसोबत बसावे लागते आणि त्याचा संकोच बाळगू नये. स्वस्ताईचे मुख्य कारण तेच आहे. टेबल जितक्या वेळा रिकामे होईल तितका एका बशीमागचा भाव खाली ठेवता येतो. इडली किंवा मेदुवडा आणि फिल्टर कॉफी एवढा नाश्ता साधारण सव्वाशे-दीडशे रुपयांच्या आत होतो. तेथे शिरा रोज वेगळ्या चवीचा असतो आणि कोणत्या दिवशी कोणता, हे ठरलेले असते. आपल्याला आवडेल तो दिवस एकदा विचारून ठेवावा.

कॅफे मद्रास सर्कलजवळ भाऊ दाजी रस्त्यावर आहे. येथे जाऊन साधा मसाला डोसा मागवणे म्हणजे संधी वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरचा तांदळाच्या पातळ पिठाचा नीर डोसा, नाचणीचा डोसा, पोडी इडली (डाळ-मिरचीची कोरडी चटणी लावलेली), रसम वडा आणि बिसी बेळे भात (डाळ, भाज्या आणि मसाला घालून शिजवलेला कानडी भात) हे पदार्थ येथे मागवावेत, कारण सगळ्याच उडुपी हॉटेलांत ते मिळत नाहीत. सोलापूरच्या माणसाला बिसी बेळे भात तर ओळखीचा वाटण्याचा संभव आहे, कारण आपल्याकडची बरीच घरे निम्मी कानडी असतात. रविवारी सकाळी मात्र तेथे पदपथावर नाव नोंदवून ताटकळत उभे राहावे लागते. आठवडाभर येथेच राहणाऱ्याने रविवारी तेथे का जावे, हे मला समजलेले नाही. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारनंतर जावे.

"रोज तेच" वाटू नये यासाठी सांबाराकडे लक्ष द्यावे. उडुपी वळणाच्या सांबारात ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि गुळाचा हात जाणवतो, तर तमिळ वळणाचे सांबार चिंचेकडे झुकलेले आणि कमी गोड असते. या फरकाची एकदा सवय झाली की दोन शेजारच्या हॉटेलांतील तीच इडली दोन वेगळे पदार्थ वाटू लागते. वेटर "मिक्स की सेपरेट?" असे विचारतो, म्हणजे वडा सांबारात बुडवून हवा की सांबार वेगळे हवे, पहिल्यांदा जात असाल तर सेपरेट सांगावे, म्हणजे वड्याचा कुरकुरीतपणा आणि सांबाराची चव दोन्ही कळतात.

दुपारच्या पोटभर जेवणासाठी रामा नायक यांच्या बोर्डिंगला पर्याय नाही. ते माटुंगा स्टेशनला लागून, मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. आधी गल्ल्यावर पैसे भरून कुपन घ्यायचे, मग पाळी येईपर्यंत बाकावर बसायचे, अशी रीत आहे. ठरावीक वाढपाची साधी थाळी आणि केळीच्या पानावरचे हवे तेवढे जेवण, असे दोन प्रकार असतात. रोजच्या भुकेला साधी थाळी पुरते. पान घ्यायचे ते सुट्टीच्या दिवशी, सकाळी काही न खाता, नाहीतर पैसे वसूल होत नाहीत. भाज्या दोन-तीन, सांबार, रसम, भात, ताक किंवा दही, पापड असा बेत असतो आणि रसम वाटीतून पिण्यासाठी पुन्हा मागितले तर वाढपी आनंदाने देतो. कांदा-लसणाशिवायच्या स्वयंपाकाचा प्रभाव या जेवणावर स्पष्ट आहे, त्यामुळे सोलापुरी झणझणीतपणाची अपेक्षा ठेवू नये. येथे गप्पा मारत बसण्याची सोय नाही, कारण आपल्या खुर्चीकडे बघत पुढचा माणूस उभा असतो.

मांसाहार करत असाल तर आपला पहिला आसरा सर्कलवरचे कूलर असेल. बन-मस्का, चहा, खिमा-पाव आणि तिथले प्रसिद्ध 'रेसलर ऑम्लेट' हे एका मित्रासोबत वाटून घेतल्यास खिशाला जड होत नाही. उडुपी हॉटेलांत जे मिळत नाही, म्हणजे एका चहावर पुस्तक घेऊन बसण्याची मुभा, ती मला तेथे मिळत आली आहे.

माटुंग्याची हद्द ओलांडून सायनकडे गेलात की खाण्याचा नकाशा बदलतो. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात, म्हणजे आजच्या गुरु तेगबहादूर नगरात, पंजाबी आणि सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले. सायन पश्चिमेला एसआयईएस महाविद्यालयाजवळ गुरुकृपामध्ये समोसा-छोले आणि सिंधी पद्धतीचा दाल-पकवान (कुरकुरीत तळलेली पुरी आणि हरभऱ्याची डाळ) मिळतो. एक बशी दाल-पकवान म्हणजे संध्याकाळच्या जेवणाची निम्मी सोय झालीच. सायन कोळीवाड्यातील पंजाबी ठिकाणी तळलेले मासे आणि 'प्रॉन्स कोळीवाडा' मिळतात. नाव कोळ्यांच्या वस्तीचे आणि हात पंजाबी स्वयंपाक्याचा, असा हा मुंबईचा खास पदार्थ आहे. कोळंबी रोज परवडणारी नाही, महिन्यातून एकदा ठीक.

ज्वारीच्या भाकरीची आठवण झाली तर ती माटुंग्यात शोधण्यात वेळ घालवू नये. एक स्टेशन पुढे दादर पश्चिमेला मराठी खाणे भरपूर आहे: शिवाजी पार्ककडे गेल्यास आस्वादची मिसळ आणि थालीपीठ, प्रकाशमधले साबुदाणा वडे आणि पियूष, आणि स्टेशनजवळ १९१० पासून चालत आलेले मामा काणे. घरच्या कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची भरपाई यांतून होणार नाही, त्यासाठी गावाहून डबाच आणावा.

खर्चाविषयी दोन गोष्टी. अनेक हॉटेलांत वातानुकूलित भागात तोच पदार्थ जास्त दराने मिळतो, म्हणून आत शिरताना कोणत्या बाजूला बसतो आहोत ते पाहावे. आणि ज्या उडुपी हॉटेलाच्या मेनूत चायनीज, पिझ्झा आणि पावभाजी यांची पाने इडलीच्या पानांपेक्षा जास्त असतील, तेथे मी स्वतः पाणीसुद्धा मागत नाही.

कॅफे मद्रास आणि रामा नायक या दोन्ही ठिकाणी सोमवारी सुट्टी असते, तेव्हा त्या दिवसाची सोय आधी ठरवून ठेवावी. खोलीवर गरम पाण्याची सोय असेल तर म्हैसूर कन्सर्न्स या जुन्या दुकानातून ताजी दळलेली कॉफी आणि स्टीलचा छोटा फिल्टर घ्यावा. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती हवी ते दुकानात सांगितले की तसे मिश्रण करून देतात, आणि पहिल्या वेळी ती कमीच सांगावी.