शॅनेल अल्यूर ओम स्पोर्ट आणि त्याचा स्वस्त 'डुप': वासात फरक खरंच कळतो का?

डुप म्हणजे दुसऱ्या कंपनीने मूळ सेंटच्या वासाची केलेली नक्कल. फरक सुरुवातीला कळतो, मधले दोन-तीन तास फारसा नाही, शेवटी पुन्हा कळतो. म्हणून दुकानात कागदी पट्टी हुंगून ठरवू नका.

अल्यूर ओम स्पोर्ट हा शॅनेलचा पुरुषांचा सेंट, 2004 सालचा, जॅक पोल्झ यांनी बनवलेला. फवारल्याबरोबर संत्रं आणि सोबत आल्डिहाइडचा गारवा येतो, नुकत्या इस्त्री केलेल्या शर्टासारखा. मग मिरी, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), सीडर आणि शेवटी तळाला टोंका (व्हॅनिलासारखी गोड वासाची बी), पांढरा मस्क (कृत्रिम कस्तुरी). डुपवाले मूळ सेंट गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातून काढून घटक शोधतात. प्रयोगशाळेत बनणारे रेणू लगेच ओळखू येतात, मिळतातही स्वस्त. नेरोलीसारख्या फुलांच्या तेलात मात्र ढीगभर घटक असतात आणि ते महाग. काटकसर तिथेच होते. मग संत्र्याऐवजी भांडी घासायच्या लिंबू साबणाचा भपकारा येतो आणि शेवटी नुसता गोडवा उरतो.

घरी तपासायचं तर दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, वीतभर अंतरावरून एकेक फवारा. चोळू नका, वरचा संत्र्याचा वास लवकर उडतो. पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास, पाच तास असं हुंगा. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या स्वच्छ बाहीचा वास घ्या. दुकानातल्या कॉफीच्या बिया म्हणजे नुसता देखावा. सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे कुठल्या हातावर काय आहे ते न सांगता घरच्या कुणाला तरी हुंगायला लावणं.

'डुप जास्त टिकतो' हे बऱ्याचदा खरं असतं, कारण तो ओ द पार्फम (जास्त अर्क असलेला) म्हणून येतो आणि मूळ आहे ओ द त्वालेत (कमी अर्काचा). पण मे महिन्यात, भरलेल्या लोकलमध्ये, टोंकाचा गोडवा चार फवारे मारून नेलात तर शेजारचा तोंड फिरवेल. दोन पुरेत.

नव्या बाटलीला अल्कोहोलचा उग्र वास असेल तर पाच-सहा फवारे उडवून दोन-तीन आठवडे कपाटात ठेवा. उग्रपणा थोडा निवळतो. लिंबाचं संत्रं होत नाही.

डुप वेगळा आणि 'फर्स्ट कॉपी' वेगळी, एवढं लक्षात ठेवा. डुपवर त्याचं स्वतःचं नाव असतं. शॅनेलचंच नाव आणि किंमत दोन हजार, तर तो नकली माल. आत काय भरलंय कोण जाणे, अंगाला लावू नका.

रोज ऑफिस-जिमला डुप चालेल. पहिल्या वीस मिनिटांचाच मोह असेल, तर आधी मूळ सेंटचं 5 किंवा 10 मिलीचं डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला सेंट) घ्या.