वाचक विचारतात: आशेचं गाणं कोणतं?

प्रश्न : तुम्ही इतकी वर्षं गाण्यांवर लिहिता, पण स्वतःच्या आवडीचं कधी सांगत नाही. जुन्या-जाणत्या कलाकाराचं, मन उभारी धरेल असं एखादं पॉप गाणं सांगाल? गुळचट नको.

उत्तर : शेवटच्या दोन शब्दांमुळे निवड सोपी झाली. पॉल मॅकार्टनीचं 'होप ऑफ डिलिव्हरन्स'. डिसेंबर 1992 मध्ये ते सिंगल म्हणून आलं आणि फेब्रुवारी 1993 मध्ये 'ऑफ द ग्राउंड' या अल्बममध्ये. बीटल्स हा त्याचा बँड मोडून तोवर बावीस वर्षं झाली होती आणि मॅकार्टनीने पन्नाशी गाठली होती. ब्रिटनमध्ये गाणं अठराव्या क्रमांकापर्यंत चढलं, जर्मनीत पहिल्या पाचांत गेलं, अमेरिकेत मात्र त्र्याऐंशीच्या पुढे सरकलं नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही अमेरिकेच्या बाजूची होते. टुणटुणणारी गिटार, कंबर हलवायला लावणारा ठेका, आणि 'आम्ही सुटकेच्या आशेवर जगतो' असे शब्द. म्हटलं, पोट भरलेल्या माणसाची आशा आहे ही. कॅसेट ड्रॉवरमध्ये गेली.

ती बाहेर काढली माझ्या धाकट्या भावाने. त्याची नोकरी गेली होती आणि दिवसभर तो घरात असायचा. त्याला गाण्यातल्या एकाच जागेचं वेड लागलं. मॅकार्टनी म्हणतो, सगळं सुरळीत कधी होईल? 'आय डोन्ट नो'. ते कसं असेल? पुन्हा 'आय डोन्ट नो'. आई दर दोन दिवसांनी विचारायची, "अरे, कधी कळवणार आहेत ते लोक?" दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून हा पठ्ठ्या आरशासमोरून त्याच चालीत उत्तर द्यायचा, "आय डोन्ट नो." आई चिडायची, मग हसायची. महिनाभर हे चाललं. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गाणं आशेची हमी देतच नाही. तारीख देत नाही, पत्ता देत नाही. ठाऊक नाही म्हणतं, तेही रडक्या सुरात नव्हे, नाचत. गुळचट गाणी 'सगळं छान होईल' म्हणून खांद्यावर थोपटतात. आपण विचारतो, कशावरून? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं. याने तो प्रश्न आधी स्वतःलाच विचारून टाकलाय.

शब्दांतही गंमत आहे. सुरुवातीला 'होपिंग' आणि 'होल्डिंग' हे दोन शब्द एकाच जागी, एकाच वजनाने येतात. एकाने आशा धरायची, दुसऱ्याने त्याचं काळीज हातात धरून ठेवायचं. मराठीत 'धरणं' या एका क्रियापदात दोन्ही बसतं, तिथे त्याला दोन शब्द लागले. 'डिलिव्हरन्स'चं मराठी मात्र जमत नाही. 'मुक्ती' फार उंचावरची, 'उद्धार' म्हटलं की कुणीतरी शिव्या घालतंय असं वाटतं, आणि 'तारण' म्हणावं तर आपण थेट बँकेत. साधी 'सुटका'च बरी.

आणखी एक. त्याच सिंगलच्या सीडीवर 'बिग बॉइज बिकरिंग' नावाचं गाणं आहे. मोठी मंडळी भांडत बसतात आणि पृथ्वीची वाट लावतात, यावर मॅकार्टनी त्यात चक्क शिवी हासडतो. 'लाँग लेदर कोट' हे बायको लिंडासोबत लिहिलेलं, प्राण्यांची बाजू घेणारं गाणंही तिथेच. म्हणजे ज्याला मी पोट भरलेला समजले, तो त्याच तबकडीवर संतापलेलाही होता. आशेचं गाणं पुढे ठेवलं, राग मागे. हे मला फार उशिरा कळलं, कारण माझ्या कॅसेटवर ती दोन्ही गाणी नव्हतीच.

भावाला सात महिन्यांनी नोकरी लागली. आता हे गाणं लावलं की तो म्हणतो, "बंद कर गं ताई."

प्रश्न : काही गाण्यांत गिटारचा आवाज घुंगरासारखा किणकिणतो. ते वाद्य वेगळं असतं का? माझ्याकडे साधी सहा तारांची आहे.

उत्तर : तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. वरच्या गाण्यातला आवाज तोच आहे. मॅकार्टनीने ते गाणं घराच्या माळ्यावर बसून, बारा तारांच्या गिटारवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून रचलं. या गिटारवर तारांच्या सहा जोड्या असतात. बारीक तारांच्या दोन जोड्या एकाच सुरात लावतात. उरलेल्या चारांत जाड तारेशेजारी एक बारीक तार, एक सप्तक वर. म्हणून एकदा छेडलं तरी दोघे वाजवतायत असं वाटतं. वर कॅपो बराच पुढे लावला की तारांची लांबी घटते, सूर चढतो आणि आवाज मँडोलिनच्या वळणावर जातो.

बारा तारांची विकत घ्या, असं मी म्हणणार नाही. जुळवण्यातच संध्याकाळ जाते, आणि तिसऱ्या जोडीतली बारीक तार, सगळ्यांत नाजूक, ऐन वेळी तटकन तुटते. त्यापेक्षा मित्राला बसवा. एकाने कॅपोशिवाय वाजवायचं, दुसऱ्याने पाचव्या किंवा सातव्या पडद्यावर कॅपो लावून तेच सूर वेगळ्या कॉर्डच्या आकारांत धरायचे. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा तो लावून झाल्यावर पुन्हा एकदा जुळवून घ्या.