पालथ्या चकत्यांपासून सुरुवात कर

गंगापूर रोड, नाशिक

अनेक आशीर्वाद.

परवा बाबांबरोबर घरी आलीस, चहा निवून गेला तरी एक शब्द बोलली नाहीस, आणि निघताना दारात तो छापील कागद माझ्या हातात दिलास. एजंटने काढून दिलेला हिशोब. आयर्लंडमध्ये एका वर्षाचं मास्टर्स, फी आणि राहणं मिळून 32 लाख. खाली पेनाने लिहिलेलं, 'पुढे पीएचडी तिथेच मिळून जाते.' बाबा चपला घालता घालता म्हणाले, "मॅडम, पोरीचं होत असेल तर दिंडोरीचा एक एकर बँकेकडे ठेवू." त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण हे तुला दोन-चारदा वाचता यावं, बाबांनाही वाचून दाखवता यावं, म्हणून लिहिते आहे.

जमीन तारण ठेवू नका. विज्ञानातल्या पीएचडीसाठी आपण पैसे भरायचे नसतात, ते आपल्याला मिळतात. चार वर्षं प्रयोगशाळेत काम तू करणार, त्यातून निघणारे शोधनिबंध त्या प्रयोगशाळेच्या नावावरही लागणार, मग पोटापाण्याची सोय त्यांनी करायची. आणि तुझं एमएस्सी होतच आलंय. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं, दुसऱ्या मास्टर्सची गरज नाही.

मी हे इतकं ठासून का सांगते, तेही ऐक. 2001 साली मला परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं होतं. पहिलं वर्ष स्वतःच्या खर्चाने या, काम पाहून पुढे फेलोशिप देऊ. मी हुरळून गेले. आईने पाटल्या मोडल्या. आठ महिने मी तिथे सकाळी सातला जाऊन रात्री दहाला परत यायचे, आणि नवव्या महिन्यात कळलं की फेलोशिप नावाची गोष्ट त्यांच्याकडे कधी नव्हतीच. मी परत आले. दोन वर्षांनी जर्मनीत पगारी जागा मिळाली, अर्ध्या पदाचा पगार होता, पण पहिल्या दिवशी हातात करारपत्र होतं. पाटल्या पुन्हा करता आल्या नाहीत, आई तोवर गेली होती. म्हणून 'आधी या, मग बघू' असं कुणी लिहिलं, तर ते पत्र कितीही गोड असलं तरी बाजूला ठेव.

आता देशोदेशीची रीत. सगळीकडे सारखी नाही, आणि इथेच आपली मुलं गोंधळतात.

जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत पीएचडी ही बहुतेकदा नोकरी असते. जागा निघते, जाहिरात येते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचा करार असतो. जर्मनीत टीव्ही-एल ई-13 या सरकारी वेतनश्रेणीत पगार ठरतो, पण पद बहुतेकदा पूर्ण नसतं. 50 टक्के, 65 टक्के असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, तो आकडा नीट वाचायचा. या जाहिराती वर्षभर येत राहतात. युरोपीय आयोगाचं युरॅक्सेस हे पोर्टल आणि नेदरलँड्सचं अकॅडेमिक ट्रान्सफर, या दोन ठिकाणी रोज सकाळी दहा मिनिटं बघत जा, बाबा बाजारभाव बघतात तसं. अर्जाला सहसा एक पैसा लागत नाही.

अमेरिकेत वेगळं. तिथे प्रवेश विभागात होतो, वर्षातून एकदा, आणि बहुतेक मुदती डिसेंबरच्या आसपास संपतात. फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा स्टायपेंड मिळतो. अर्जाची फी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी भरावी लागते, म्हणून तिथे निवडक चार-पाचच अर्ज कर आणि फीमाफीची विनंती आधी कर, अनेक विद्यापीठं ती मान्य करतात. शेतीशी संबंधित अनेक विभागांत प्राध्यापकाने आधी 'हो' म्हटल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे लक्षात असू दे.

ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन परिषदांच्या जागा 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण एका तुकडीत साधारण 30 टक्क्यांपर्यंतच. शिवाय स्थानिक फी आणि परदेशी फी यांतला फरक कोण भरणार, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऑस्ट्रेलियात सरकारची रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम शिष्यवृत्ती विद्यापीठांमार्फत मिळते. आपल्या राज्याच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, त्यांच्या अटी तुला लागू होतात का ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचार. दाखले काढायलाच दोन महिने जातात.

एक गोष्ट मात्र बारकाईने समजून घे, कारण ती थेट एजंटच्या कागदावर येते. युरोपात मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क नावाच्या जागा असतात. पगार चांगला, दोन-तीन देशांत काम करायची संधी, कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुल्या. अट अशी की, ज्या देशात जागा आहे त्या देशात गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे 32 लाख भरून आयर्लंडला गेलीस, शिकलीस, आणि पीएचडी शोधत तिथेच थांबलीस, तर आयर्लंडमधल्या याच जागांसाठी तू अपात्र ठरशील. आज दिंडोरीत बसून तू पात्र आहेस.

आता तुझ्याबद्दल. तू म्हणालीस, "मॅडम, 63 जणांना मेल केले, दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार." मी तो मेल वाचला. 'आदरणीय महोदय, मला संशोधनाची लहानपणापासून आवड आहे, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन.' 63 जणांना हाच मेल, नावसुद्धा बदललेलं नाही. अगं, हे पत्र कुणीही कुणालाही पाठवू शकतं. त्यात तू कुठे आहेस?

आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं किती आहे! गेल्या वर्षी फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस झाला, तुमच्या द्राक्षबागेत डाऊनी (केवडा रोग) आली, आणि तू ती पानं घेऊन लॅबमध्ये आलीस. डाऊनी प्लेटवर वाढत नाही, तिला जिवंत पान लागतं. म्हणून तू पानाच्या चकत्या कापल्यास, ओल्या कागदावर मांडल्यास, वर रोग आणि तो थांबतो का बघायला तुझ्या मातीतल्या बॅसिलस या जिवाणूचं द्रावण टाकलंस. तीन आठवडे काहीच होईना. ज्या चकत्यांवर बॅसिलस नव्हता त्याही स्वच्छ, मग तुलना कशाशी करायची? मार्गदर्शक म्हणाले विषय बदल. तू नाही बदललास. एका रात्री तुझ्या लक्षात आलं की रोग पानाच्या खालच्या बाजूने, रंध्रांतून आत शिरतो, आणि तू सगळ्या चकत्या उताण्या मांडल्या होत्यास. दुसऱ्या दिवशी पालथ्या घातल्यास, आणि सहाव्या दिवशी पांढरी लव दिसली. तो फोटो तू मला रात्री साडेअकराला पाठवला होतास.

हे सगळं तुझ्या मेलमध्ये एका ओळीतसुद्धा नाही.

परदेशातल्या प्राध्यापकाला लहानपणाच्या आवडीचं काही नसतं. हातात तीन वर्षांचं अनुदान आहे, ही मुलगी अडली की रडत बसेल की चकत्या उलटून बघेल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

आणि या प्रश्नात त्यांना रस का असेल, हेही सांगते. बाबा बागेत बोर्डो मिश्रण मारतात ना? ते बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं शहर. हा रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेला आणि तिथल्या बागा बसू लागल्या. रस्त्याकडेच्या वेलींचे घड येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिल्या. 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जगापुढे मांडलं. आज त्याच मोरचुदातलं तांबं मातीत साठत चाललंय, म्हणून युरोपीय संघाने शेतकऱ्याला मर्यादा घातली आहे, सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो. मग तांब्याऐवजी काय, हा त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न आहे, आणि प्रश्न जिथे पेटलेला असतो तिथे अनुदान असतं. जर्मनीतलं गायझेनहाइम विद्यापीठ, सिबेलडिंगनजवळची गायलवायलरहोफ ही द्राक्ष पैदास संस्था, फ्रान्समध्ये कोलमार आणि बोर्डो इथली इनरे या सरकारी शेती संशोधन संस्थेची केंद्रं, इटलीत सान मिकेले, अमेरिकेत डेव्हिसचं विद्यापीठ आणि कॉर्नेल विद्यापीठाचं जिनिव्हा गावातलं केंद्र, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडचा वेट कॅम्पस. ही नावं वहीत लिही. 63 पत्त्यांपेक्षा ही सात-आठ ठिकाणं तुझी आहेत. देश आधी ठरवून मग विषय शोधतात ती मुलं वर्षानुवर्षं फिरत राहतात.

प्रत्येक ठिकाणच्या एका माणसाचे शेवटचे दोन निबंध वाच. पूर्ण वाच, सारांश नको. मग लिही, इंग्रजीतच, पण मजकूर असा काहीसा:

'मी नाशिकची, माझ्या घरची द्राक्षबाग आहे. तुमच्या निबंधात तुम्ही चकत्या 24 तास अंधारात ठेवल्या आहेत. आमच्याकडच्या तापमानाला मला वेळ बदलावी लागली. मी बागेतल्या मातीतून बॅसिलसचे अकरा नमुने वेगळे केले, त्यातल्या दोघांनी चकत्यांवर रोग कमी केला, बाकीच्यांनी नाही, आणि का नाही हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या गटात पुढच्या वर्षी पीएचडीची पगारी जागा निघणार आहे का? सोबत दोन पानी माहिती आणि एका चकतीचा फोटो जोडला आहे.'

एवढंच. आकडे तुझ्या वहीतले घाल, त्यांचा निबंध तू खरोखर वाचलेला असू दे. कुठेही 'आदरणीय' नको, त्यांचं आडनाव नीट लिही. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, त्यानंतर सोडून दे. महिन्याला असे दहा मेल झाले तरी पुष्कळ. हे लिहायला वेळ लागतो, लागू दे.

शिफारसपत्रांचं आत्ताच बघ. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तसं करू नकोस. तू लिहिलेलं आणि सरांनी लिहिलेलं लगेच कळतं. त्याऐवजी सरांना एक पान मुद्दे दे, कुठला प्रयोग त्यांच्यासमोर केलास, कधी चुकलीस, कधी सुधारलंस, आणि त्यांच्या भाषेत लिहायची विनंती कर. पत्र कॉलेजच्या ईमेलवरूनच जायला हवं, बरीच पोर्टलं जीमेल चालवून घेत नाहीत. मीही एक लिहीन, त्यात पालथ्या चकत्या असतील. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज याच आठवड्यात कर, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख बघून ठेव.

मुलाखत व्हिडिओवर होईल. दहा मिनिटं आपलं काम सांगायचं, मग प्रश्न. 'काय जमलं नाही?' हे हमखास विचारतात, आणि आपली मुलं तिथेच गप्प होतात, कारण आपल्याला जमलं तेवढंच सांगायची सवय लावलेली असते. तू न घाबरता उताण्या चकत्यांचे तीन आठवडे सांग.

शेवटी ते विचारतील, तुला काही विचारायचंय का. तेव्हा पैशाबद्दल विचारायला लाजू नकोस. पगार किंवा स्टायपेंड किती वर्षांचा, अनुदान मध्येच संपलं तर काय, अमेरिकेत असेल तर नऊ महिन्यांचा की बारा महिन्यांचा, फीखेरीज वेगळे आकार किती, आरोग्यविमा कोण भरतं. आणि त्या प्रयोगशाळेत आत्ता असलेल्या दोघा-तिघांशी, जमलं तर तिथून बाहेर पडलेल्याशीही, वेगळं बोल. गाइड रागीट आहे का, निबंधावर नाव देतो का, सुट्टी मिळते का, हे जाहिरातीत नसतं. मला 2001 मध्ये कुणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं.

यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी होईल. तोवर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे प्रकल्पात काही जागा निघते का बघू, मी कुणाकुणाशी बोलते. एक वर्ष पानं आणि बुरशी हाताळण्यात गेलं तर ते वाया जाणार नाही, अर्ज आणखी भक्कम होईल.

रविवारी सकाळी ये. बाबांनाही आण, मी त्यांच्याशी जमिनीचं बोलते. येताना ती निळ्या पुठ्ठ्याची वही आणि फोनमधले सगळे फोटो घेऊन ये, पहिल्या तीन आठवड्यांतले काहीच न उगवलेले सुद्धा. पहिला मेल आपण इथेच बसून लिहू.

तुझी,
मॅडम