ती मुलगी डॉक्टर नव्हती!

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या, मधुमेह आहे. ब्रश केला की थुंकीत रक्त दिसायचं, म्हणून म्हापशाला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं तपासलं आणि दात साफ करायला एका मुलीकडे सोपवलं. ती पाऊण तास करत होती. म्हणजे पैसे डॉक्टरांचे आणि हात दुसऱ्याच कुणाचा? आता सासूबाई म्हणतात, दातांत फटी पडल्या, खालचे दात हलतात, थंड पाणी झोंबतं. "साफ केले की दात हलतात, सांगत होते ना?" घरात दोष माझ्या माथी.
— एक सूनबाई, डिचोली

उत्तर : सूनबाई, सासूबाईंचं ते वाक्य मी बावीस वर्षं ऐकते आहे, मराठीतून आणि कोकणीतूनही. त्यामुळे आधी तेच घेते.

आपल्याकडे परसाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण असतं. पावसापावसाने त्यातली माती वाहून जाते, पण वर वेल चढलेली असते म्हणून गडगा धड दिसतो. एक दिवस कुणीतरी वेल ओढून काढतो आणि चिरे हलायला लागतात. बोल कुणाला लावणार, वेल काढणाऱ्याला? दातांवरचं किटण म्हणजे ही वेल. हिरडी आणि आतलं हाड आधीच झिजलेलं असतं, ती फट किटणाने भरलेली असते. जिभेखाली लाळेच्या नळ्यांची तोंडं उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साचतं. नेमके तेच दात सासूबाईंना हलताना जाणवताहेत. थंड झोंबणं बहुधा काही दिवसांत कमी होईल. हलणारे दात मात्र डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

आता ती मुलगी. ती डेंटल हायजिनिस्ट असावी. मीही तीच. 1948 साली आपल्याकडे दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यातच आमची व्याख्या केली : दातांवरचं किटण काढणं, दात स्वच्छ करणं, पॉलिश करणं आणि तोंडाची निगा कशी राखायची ते शिकवणं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असते. तेव्हा "तुमची नोंदणी आहे का?" असं सरळ विचारा. खरी हायजिनिस्ट रागावणार नाही. नुसती खुर्चीशेजारी मदतीला उभी राहणारी मुलगी वेगळी, तिने हे काम करायचं नाही. आणि दात काढणं, भरणं, रोगाचं निदान, औषध लिहून देणं ही कामं आमची नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं, "डॉक्टर यायला उशीर आहे, बधिरतेचं इंजेक्शन तू देऊन ठेव." मी हातमोजे काढून ठेवले. महिनाभरात दुसरी नोकरी शोधावी लागली.

पाऊण तास लागला ही तक्रार आहे की कौतुक? मला तर ती मुलगी आवडली. ती मध्येच "दोन, तीन, पाच" असे आकडे सांगत होती का? हिरडी आणि दात यांच्यामधली खोली बारीक सळईने मोजतात, ते मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक. पाच-सहा निघाले तर हिरडीच्या आत सफाई लागते, आणि पुढचा निर्णय डॉक्टरांचा. तो कागद मागून घ्या.

मशीनने किटण काढणं हा माझ्या कामाचा सोपा भाग. अवघड काय, तर पेशंटच्या हाताची सवय बदलणं. माझ्याकडे सत्तरी तालुक्यातून एक आजोबा यायचे. ब्रश असा चालवायचे, जणू पेजेचं भांडं घासताहेत. दातांच्या मुळाशी खाचा पडल्या होत्या. मी त्यांच्या हातात आरसा दिला, ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरायला लावला आणि माझ्या बोटांनी त्यांची बोटं हलवली. चौथ्या भेटीला ते जमलं. रक्त येतं म्हणून लोक ती जागा घासायची सोडतात. उलट तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने रोज दोनदा घासायचं. सूज उतरली की रक्त थांबतं. फटींसाठी दातांमधला छोटा ब्रश मिळतो, तो सासूबाईंना काडीपेक्षा बरा.

मधुमेहाचं विसरू नका. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं ते गोव्यात, 26.4 टक्के. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना गोळी आणि नाश्ता चुकवू नका, साखरेचा ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : आई मशेरी लावते. म्हणते, हिरड्या घट्ट राहतात, रक्तही येत नाही. — फोंडा

उत्तर : मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूमुळे हिरडीतलं रक्त येणं दबू शकतं, आजार आत चालूच राहतो. रक्त न येणं इथे चांगलं लक्षण नव्हे. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर थेट बांबोळीच्या दंत महाविद्यालयात न्या. मशेरी एका दिवसात सुटणार नाही, त्यावरून आईशी भांडू नका. आधी सकाळची तेवढी सोडवा.

प्रश्न : बारावी सायन्स केलं आहे. तुमच्यासारखं काम करायचं तर नोकरी मिळेल का? — पेडणे

उत्तर : बाय, खरं सांगते. छोट्या दवाखान्यात डॉक्टर स्वतःच सफाई करतात, वेगळा पगार कोण देणार? त्यामुळे मोठे दवाखाने, रुग्णालयं, महाविद्यालयं बघावी लागतात. गंमत अशी की हे काम सुरू केलं एका दंतवैद्यानेच : अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या डॉक्टर फोन्सनी 1906 साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं, आणि 1913 साली त्याची शाळा काढली. आपल्याकडे कितीतरी डॉक्टरांना अजून आमची गरज वाटत नाही. फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या दवाखान्यात विचारून दोन दिवस कोपऱ्यात बसून बघ. मशीनचा आवाज, तोंडावर उडणारं पाणी आणि संध्याकाळी दुखणारी मान चालत असेल तर मला पुन्हा लिही.