घाव बसला का?

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. (हेवी मेटल संगीताबद्दलच्या पत्राची सुरुवात अशी, म्हणून हसू नकोस. हाताला सवय आहे.)

तुझी तिन्ही टिपणं वाचली. पहिली सूचना सोपी: प्रत्येक टिपणाचा पहिला परिच्छेद काढून टाक. रहस्यकथा असो, मारधाडपट असो की हेवी मेटल, तू आधी माफी मागतेस आणि मग बोलतेस. ज्यांना हे सगळं हलकं वाटतं ते तुझ्या माफीने पाघळणार नाहीत. ज्यांना आवडतं त्यांना तू परकी वाटशील.

दुसरी तक्रार मोठी आहे. ‘जबरदस्त’ हा शब्द मी अकरा वेळा मोजला. जबरदस्त म्हणजे नेमकं काय झालं? मी या तिन्ही प्रकारांना एकच प्रश्न विचारतो: घाव बसला का? आवाज झाला, रक्त सांडलं, काचा फुटल्या, ते ठीक. पण कुणाला काही लागलं का?

संगीतापासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः बरीच वर्षं चुकत होतो. तुझ्या वयात मला वेग म्हणजेच वजन वाटायचं. संथ गाणं लागलं की पुढे ढकलायचो. मग एकदा ब्लॅक सॅबथ या बँडचा १९७० चा पहिला अल्बम नीट बसून ऐकला. पाऊस, घंटा, आणि मग तीन सुरांची ती चाल: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. पंचमाच्या अर्धं पाऊल अलीकडे येऊन ती थांबते. कान पंचमाची वाट पाहत राहतो आणि पंचम काही येत नाही. त्या न येण्यातच सगळं वजन आहे.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या बोटांची गोष्ट तुला ठाऊक असेलच, पण लोक ती शौर्यकथा म्हणून सांगतात, म्हणून पुन्हा सांगतो. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरलेली आहे. दुखऱ्या बोटांना ताण कमी पडावा म्हणून शोधलेला हा खर्ज पुढे कितीतरी बँडांनी उचलला. त्यातल्या बहुतेकांची बोटं शाबूत होती, आणि कधीकधी ते ऐकूही येतं. (हे वाक्य दुष्ट आहे. राहू दे.)

वेगाला माझा विरोध नाही. स्लेयर या बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत आटोपतो आणि शेवटी नुसता पाऊस उरतो. तोच वेग तासभर चालला असता तर डोक्यावर पंखा फिरतोय असं वाटलं असतं. तू ज्या नव्या अल्बमला ‘भिंतीसारखा आवाज’ म्हणून दाद दिलीस, त्यात ड्रम, गिटार, कुजबुज सगळं एकाच पातळीवर दाबून बसवलंय. सगळंच मोठ्याने असेल तर मोठं काय ते कसं कळणार?

सिनेमाबद्दल थोडक्यात. ‘फटाफट कट म्हणजे वाईट’ हे तुझं मत उसनं आहे, परत करून टाक. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये कटांचा पाऊस आहे, तरी आपण हरवत नाही, कारण जिथे पाहायचं ते बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागीच ठेवलंय. संकलनाचं ऑस्कर मार्गारेट सिक्सेलला उगाच मिळालं नाही. मला राग येतो तो दार कुठे आहे, माणसं किती आहेत हे न सांगता कॅमेरा हलवणाऱ्यांचा. १९२८ च्या एका मूकपटात विनोदवीर बस्टर कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते आणि तो खिडकीच्या जागेतून बचावतो. एकच अखंड दृश्य. भिंत दिसते, खिडकी दिसते, माणूस दिसतो, म्हणून पोटात गोळा येतो.

रहस्यकथेत याच प्रामाणिकपणाला धागेदोरे म्हणतात. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातला एक असा की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. वाचताना हसू येतं, पण मुद्दा तोच: दार कुठे आहे ते वाचकाला कळू द्या. अशा कोड्याच्या कथेत मेलेला माणूस पुठ्ठ्याचा असला तरी मी खपवून घेतो. मात्र तुझा तो लाडका अतिहुशार मालिका-खुनी मला खपत नाही. एवढं नियोजन जमणाऱ्या माणसाला कुणी कामावर का ठेवत नाही, हेच खरं रहस्य. त्याच्या सात बळींपैकी एकाचंही नाव तुझ्या टिपणात नाही. पुस्तकाने तुला ते लक्षात ठेवायला लावलंच नाही, हे तू लिहायला हवं होतंस.

याउलट रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) एक ड्रायव्हर मरतो. सिनेमा करताना मंडळींनी तार करून लेखकालाच विचारलं, याला मारलं कुणी? चँडलरलाही ठाऊक नव्हतं. हा किस्सा विनोद म्हणून फिरतो. मला मात्र तो ड्रायव्हर टोचतो. मी ती कादंबरी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्याला विसरून पुढे गेलो, कारण गुप्तहेराचा थकवा माझ्या खांद्यावर आला होता. म्हणजे घाव बसला, पण भलत्याच ठिकाणी. हे माझ्या प्रश्नात नीट बसत नाही. तुला काय वाटतं ते पुढच्या टिपणात लिही, ‘जबरदस्त’ न वापरता.

तुझा,
जुना वाचक

ता. क. – मेटल एकदा अगदी बारीक आवाजात ऐकून बघ. शेजारच्या खोलीत बोलणं चालू असावं, इतक्या बारीक. जे तरीही जड वाटेल त्याची यादी पाठव.