आधी सुरतला जा, आप्पा

पत्र : ताई, मी अमळनेर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 63. आता लिहायला सुरुवात करावी आणि ते लोकांपर्यंत पोहोचवावं असं मनात आहे. समाजाचं देणं फेडावं, तरुणांना मार्गदर्शन व्हावं, आपली अहिराणी टिकावी, रिकामा वेळ सत्कारणी लागावा, ही कारणं. साने गुरुजींच्या अमळनेरात राहून लिहायचं नाही तर काय करायचं? पहिला लेख 'माझा संघर्ष' असा योजला आहे. घरची चार बिघे कोरडवाहू, वडील लवकर गेले. धुळ्याला डी.एड. केलं, तेव्हा सुरतहून महिन्याला सत्तर रुपयांची मनिऑर्डर यायची, त्यात खानावळ भागवून रात्र रात्र अभ्यास केला. पण कागद पुढे घेतला की दोन ओळींवर गाडी अडते. सहा महिने हेच चाललं आहे. बायको म्हणते, नाद सोडा. वाचणारे आहेत : जुने सहकारी, समाजाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सुरतला पुतण्या आहे, तो घरात मोठ्यानं वाचून दाखवील. मी नेमकं कशासाठी लिहावं? की लिहूच नये? – आप्पा

उत्तर :

आप्पा, तुमच्या चार कारणांपाशी मी थांबलेच नाही. सत्तर रुपयांपाशी थांबले.

मनिऑर्डर यायची, म्हणता. पाठवत कोण होतं? एवढ्या पत्रात त्या माणसाचं नाव नाही, नातंही नाही. शेवटी सुरतचा पुतण्या येतो, आणि पुतण्या आहे म्हणजे त्याचे वडील आहेत. ते तुमचे थोरले भाऊ असणार. तुमचे वडील गेल्यावर ते लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, गेले आणि तुम्ही शाळेत राहिलात, असं मी धरून चालते. 'घरात मोठ्यानं वाचून दाखवील' हे वाक्य कुणासाठी आहे, तेही मला कळलं.

समाजाचं देणं राहू द्या. समाजानं तुम्हाला दरमहा सत्तर रुपये पाठवले नव्हते.

आपल्याकडच्या वाचकांना सुरत समजावून सांगायची गरज नाही. उधना, लिंबायतकडे गल्ल्याच्या गल्ल्या खानदेशी माणसांच्या आहेत. पाऊस दगा देई, कोरडवाहूत पोट भरत नसे, आणि तापीच्या खोऱ्यातली रेल्वे दारावरून जात होती. पोरं त्यात बसली. लूमवर बारा तासांची पाळी. मजुरी मीटरवर, म्हणजे जितकं कापड निघेल तितके पैसे, आणि ताप आला की त्या दिवसाचं काहीच नाही. त्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाला म्हातारपणी नीट ऐकू येत नाही. अशा मजुरीतून सत्तर रुपये बाजूला निघत होते, वर पोस्टाचं कमिशन वेगळं. सुट्टीची वेळ साधून कुणीतरी पोस्टात रांगेत उभं राहत होतं.

मनिऑर्डरचा फॉर्म तुम्हाला आठवत असेलच. खाली मजकुरासाठी बोटभर जागा असे. पोस्टमन सही घेऊन नोटा मोजून देई आणि तो तुकडा फाडून हातात ठेवी. काय लिहिलेलं असे त्या तुकड्यावर, आप्पा? पैसे पोचल्याचं कळव? तब्येत सांभाळ? की तो कोराच असे? दादांना लिहिता येत होतं, की शेजारच्या लूमवरच्या कुणाकडून लिहून घेत? एखाद्या महिन्यात मनिऑर्डर उशिरा आली तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि तिकडे काय झालं होतं, हे नंतर कधी विचारलंत का? तुमच्या घरातला पहिला मजकूर त्या तुकड्यांवर आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही.

दोन ओळींवर तुम्ही अडता ते म्हणूनच. 'माझा संघर्ष' लिहायला बसता आणि ज्याच्या अंगावर तो संघर्ष पडला त्याला वगळून लिहायला जाता. हात पुढे सरकत नाही, यात मला तुमचा चांगुलपणा दिसतो.

तुमच्यात बोलणं बंद आहे, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. पण बोलणं असतं तर भावाला फोन केला असता, पुतण्यामार्फत लेख ऐकवण्याचा बेत केला नसता. बांधावरून झालं, वाटणीवरून झालं की कुणाच्या लग्नातल्या मानपानावरून, मला जाणून घ्यायचं नाही. तुमची बाजू तर मुळीच ऐकायची नाही. ज्याचं नाव पत्रातसुद्धा येत नाही त्याच्याविरुद्धची तक्रार मी का ऐकू?

साने गुरुजींचं नाव तुम्हीच काढलंत. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांची आई होऊन राहिले, पुढे 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. समाजासाठी त्यांनी जे केलं ते मोठंच आहे. पण आज घराघरात वाचलं जातं ते आईवर लिहिलेलं. नाशिकच्या तुरुंगात, 1933 च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ते लिहून काढलं, कारण ते कुणाबद्दल लिहायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आई तेव्हा नव्हती. ती 1917 सालीच गेली होती. त्यातलं एक पानही तिला ऐकवता आलं नाही.

तुमचे दादा सुरतला आहेत. सत्तरीच्या आसपास असतील.

म्हणून एकच सांगते. मनिऑर्डरीवर एक पान लिहा. 'संघर्ष' नको, उपदेश नको, तरुण पिढी नको. सत्तर रुपये, खानावळ, पोस्टमन, तो तुकडा, आणि पाठवणाऱ्याचं नाव पहिल्याच ओळीत. अहिराणी टिकवायची आहे ना? मग हे पान अहिराणीतच लिहा. दादांशी तुम्ही पुस्तकी मराठीत कधी बोलला असाल असं मला वाटत नाही. लिहून झालं की ग्रुपवर टाकू नका, जुन्या सहकाऱ्यांना दाखवू नका. अमळनेरहून सुरतची गाडी धरा. पुतण्याला वाचायला देऊ नका. 'कसा शे दादा?' म्हणून त्यांच्याजवळ बसा, कानाशी, मोठ्यानं, तुम्ही स्वतः वाचा. वाचताना आवाज अडला तर अडू द्या. बायकोला बरोबर न्या. 'नाद सोडा' म्हणाल्या त्या, पण या दोन घरांमधलं काय तुटलं आहे ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असणार.

तिथे वाटणीचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या. उत्तर देऊ नका. तुम्ही तो काढू नका. तुमच्या पानात काही चुकलं असेल, सत्तर नव्हे साठच असायचे, किंवा तो फॉर्म वहिनी भरत होत्या, असं काही ते सांगतील. ते तिथेच लिहून घ्या. त्यांना बोलायचं असेल तर पुढची पानं त्यांची.

आणि ऐकून झाल्यावर दादा म्हणाले, 'हे लोकांना दाखवू नको', तर दाखवू नका. घडी करून त्यांच्याकडेच ठेवून या.