अमेरिकन गायक-गीतकार बिल विदर्सने ऐन भरात असताना गाणं का सोडलं? हे करिअरचं अपयशच नाही का?

तुमच्या प्रश्नात 'अपयश' हा शब्द नसता तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं, ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार दोनदा, आणि सत्तेचाळिशीत माणूस घरी बसला. म्हणजे हरलाच ना, असं तुम्ही विचारलंय. 1985 नंतर विदर्सने स्वतःचा नवा अल्बम काढला नाही हे खरं. पण 'सोडलं' वेगळं आणि 'जमलं नाही' वेगळं. हा फरक गेली तीस वर्षं मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला पटवता आलेला नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी भोसरीला एका कारखान्यात ग्राइंडिंगवर होतो. 2009 साली कंपनीने नवीन मशीनची ट्रायल बघायला मला अमेरिकेत ओहायोला दोन महिने पाठवलं. तिथे साठीच्या आसपासचा एक फिटर होता. आपल्याकडे टूलच्या कपाटाच्या दाराला आतून गणपती नाहीतर साईबाबा चिकटवलेले असतात, तसं त्याने एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर चिकटवलं होतं. कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या. फोटोत एक सावळा, हसरा माणूस हातात जेवणाचा डबा घेऊन उभा. मला वाटलं हा ह्यांच्याच खात्यातला कुणी जुना कामगार असेल. मी विचारलं, कोण हा? तो म्हणाला, हा गायक आहे, पण फोटो जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कारखान्यावरच काढलाय.

तो विदर्सचा पहिला अल्बम, 1971 सालचा. तेव्हा त्याचं वय 32. वेस्ट व्हर्जिनियात स्लॅब फोर्क नावाची कोळसा खाणीची वस्ती आहे, तिथे 1938 साली जन्मला. सहा भावंडांत धाकटा, बोलताना अडखळायचा, तेराव्या वर्षी बाप गेला. नंतर नऊ वर्षं नौदलात. मग लॉस एंजेलिसला येऊन विमानाच्या सामानाच्या कारखान्यात लागला. काम होतं बोइंग 747 मधले संडास बनवायचं. पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने स्वतःच्या गाण्यांच्या टेप करून घेतल्या आणि त्या लोकांना ऐकवत फिरला. पुढे 'एन्ट नो सनशाइन' गाजलं तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला सोन्याच्या रंगाची संडासाची सीट भेट दिली होती.

त्या गाण्यात तो 'आय नो' असं 26 वेळा म्हणतो. तिथे खरं म्हणजे तिसरं कडवं यायचं होतं, ते लिहून झालं नव्हतं म्हणून त्याने जागा भरायला नुसतं तेवढं म्हटलं. स्टुडिओत अल्बमचा निर्माता बुकर टी. जोन्ससारखी पक्की माणसं बसली होती, ती म्हणाली, असंच राहू दे. त्याने ऐकलं. म्हणजे हा माणूस कुणाचं ऐकतच नव्हता असं नाही. गाणं कळणाऱ्याचं ऐकत होता.

आता माझं सांगतो. 1993 साली मी चोवीस वर्षांचा होतो. दिवसा फर्स्ट शिफ्ट, आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात किशोरकुमारची गाणी. एका सुपारीचे दीडशे रुपये मिळायचे. पण घरी पेटीवर मी माझी स्वतःची गाणी बांधत होतो. ओव्हरटाइमच्या पैशातून पुण्यात एक छोटा स्टुडिओ दोन तासांसाठी घेतला आणि चार गाण्यांची कॅसेट केली. त्यातलं एक आमच्या आजीवर होतं. ती भाकरी थापायची तेव्हा परातीवर बांगड्यांचा एक ठेका पडायचा, त्याच ठेक्यावर मी चाल लावली होती. ढोलकीवाल्याला तो समजावताना मी स्टुडिओतल्या टेबलावर हाताने थापून दाखवला, आणि त्याने तो पहिल्याच फटक्यात उचलला. ते चार तासांसारखे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन तास आहेत.

दादाने खटपट करून एका कॅसेट कंपनीच्या माणसाची वेळ घेतली. त्याने आजीचं गाणं अर्धं ऐकलं आणि बटण दाबून बंद केलं. म्हणाला, आवाज छान आहे, पण आजी कोण विकत घेणार? शब्द आमच्याकडचे, चाली चालू पिक्चरच्या, देवाची आठ गाणी गणपतीच्या आत करून दे. तेव्हा असल्या कॅसेटी धडाधड खपत होत्या, हे मलाही ठाऊक होतं. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी फर्स्टला कामावर गेलो. दोन वर्षांत ऑर्केस्ट्राही बंद केला.

दादा तेव्हापासून म्हणतोय, तू कच खाल्लीस. बारशाला, लग्नाला, वडिलांच्या वर्षश्राद्धालासुद्धा. 'ह्याचं नशीब उघडलं होतं, ह्यानेच दार लावलं.'

ओहायोत त्या फिटरने मला विदर्सचं आजीवरचं गाणं ऐकवलं, 'ग्रँडमाज हँड्स'. त्याच पहिल्या अल्बमवर आहे. दोन मिनिटांचं गाणं. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, दुखणारे, नातवाला मारापासून वाचवणारे म्हातारीचे हात. इंग्रजी मला तेव्हा जेमतेम यायचं, पण मी त्या परक्या शेडमध्ये मशीनला टेकून रडलो. आजी कोण विकत घेणार, हे मी सोळा वर्षं मनात घेऊन फिरत होतो.

तर तुमचा प्रश्न. का सोडलं? पहिली कंपनी, ससेक्स, 1975 मध्ये बुडाली. तो कोलंबिया नावाच्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेला. तिथे 'लव्हली डे' केलं, 1977 सालचं, ज्यात तो शेवटाकडे एक स्वर 18 सेकंद धरून ठेवतो. पण तिथले गाणी निवडणारे अधिकारी त्याला शिकवायला लागले. एल्विसचं 'इन द घेटो' गा म्हणाले. ज्या माणसाने 'लीन ऑन मी', म्हणजे 'माझा आधार घे', हे गाणं स्वतः लिहिलं, त्याला दुसऱ्याचं जुनं गाणं गा म्हणायचं! 1978 नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम आला नाही. मधे 1981 मध्ये सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरबरोबरचं 'जस्ट द टू ऑफ अस' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे आवाज संपला नव्हता, लेखणीही नाही. 1985 मध्ये शेवटचा अल्बम दिला आणि उठला. माझ्या मते एवढंच कारण पुरेसं आहे. ज्याला उशिरा यश मिळतं आणि आधी स्वतःच्या हातांनी पोट भरलेलं असतं, त्याला 'हे नाही केलं तर उपाशी मरशील' ही धमकी लागू पडत नाही.

आणि अपयश म्हणाल तर 'लीन ऑन मी' पेटीवर वाजवून बघा. सा रे ग म चढायचं, म ग रे सा उतरायचं, पहिल्या महिन्यातला पलटा. नवीन घेतलेल्या इलेक्ट्रिक पियानोवर बोटं वरखाली फिरवताना ते त्याला सुचलं. 1972 मध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. 1987 मध्ये क्लब नुव्हो या बँडने गायलं, पुन्हा पहिलं, आणि विदर्सला गीतकार म्हणून तिसरी ग्रॅमी मिळाली. घरी बसलेल्या माणसाला! 2015 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत त्याला गायक स्टीव्ही वंडरने आणलं. 30 मार्च 2020 ला तो गेला, तेव्हा कोविडमध्ये लोक हेच गाणं म्हणून एकमेकांना धीर देत होते.

तुम्ही स्वतः गाणारे असाल तर माझं स्पष्ट मत: नोकरी सोडू नका. गाणं पोटासाठी वाकायला लागलं की ते तुमचं राहत नाही. आणि भावाने, मित्राने, कंपनीवाल्याने कितीही सांगितलं तरी 'नाही' म्हणायची किंमत मोजायची तयारी ठेवा. लोक त्याला भित्रेपणा म्हणतात, म्हणू देत.

दोन गोष्टी राहिल्या. एक, विदर्सने कारखाना निष्ठेने धरून ठेवला अशी गोष्ट सगळे सांगतात, पण अल्बम यायच्या काही महिने आधी त्याला ले-ऑफ मिळाला होता. पुढे एकाच दिवशी दोन पत्रं आली: एक कामावर परत या म्हणून, दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं. दोन, त्याची गाणी कमवत राहिली आणि त्यांचा व्यवहार त्याची बायको मार्शा सांभाळत होती. त्यामुळे त्याचं उठून जाणं आणि माझं उठून जाणं एका मापाने मोजू नका. मला पेन्शन आहे ती कारखान्याची. दादाचाही हेतू वाईट नव्हता. त्या वेळी तो माझ्यासाठी लुनावरून पुण्याला पाच वेळा गेला, पेट्रोल स्वतःचं घालून. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

हे उत्तर त्याला पाठवणार आहे. दादा, ती चार गाण्यांची कॅसेट तू कंपनीला ऐकवायला नेलीस, ती परत दिली नाहीस. तुझ्या ट्रंकेत आहे असं वहिनी म्हणाल्या. येत्या रविवारी घ्यायला येतो, आणि टेप चालत असेल तर आजीचं गाणं तुझ्यासमोर पूर्ण ऐकायचंय.